दुपारी पाने मान टाकतात, तेव्हा पाणी द्यायचे की नाही?

एप्रिल लागला की वाचकांकडून तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला: “सकाळी ठिबक दोन तास चालवले, तरी दुपारी झाड सुकल्यासारखे दिसते. पुन्हा मोटार चालू करू का?” दुसरा: “दुकानदार म्हणतो, बाष्परोधक फवारा, निम्मे पाणी वाचेल. खरे आहे का?” आणि तिसरा: “मल्चिंग टाकले म्हणजे पाने पाणी कमी सोडतील ना?” तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. पानांतून उडून जाणारे पाणी म्हणजे नुकसान, आणि ते अडवले की फायदा, असे आपण धरून चालतो. संत्रा, मोसंबी, डाळिंब, आंबा, केळी यांच्या बागा उन्हाळ्यात सांभाळणाऱ्यांनी आणि भाजीपाल्याची रोपे जगवणाऱ्यांनी हा गैरसमज आधी बाजूला ठेवावा. पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

पानातून जाणारे पाणी कामाचे असते

मुळे जेवढे पाणी ओढतात, त्यातले ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांतून वाफ होऊन हवेत जाते. ही वाट म्हणजे पानांवरची बारीक पर्णरंध्रे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी झाडाला ती उघडावीच लागतात, आणि ती उघडली की आतली ओल बाहेर जाते. रंध्रे मिटली तर पाणी वाचते, पण अन्न तयार होणेही थांबते. म्हणजे पान पाणी देते आणि त्याच्या बदल्यात वाढ घेते.

दुसरे काम थंडाव्याचे. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती पानातून काढून घेतली जाते. बाहेर ४३ अंश तापमान असताना भरपूर पाणी मिळालेल्या झाडाचे पान हाताला गार लागते, ते यामुळे. तिसरे काम वहनाचे: जमिनीतला कॅल्शियम याच पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतो. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असे झाले की टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडतो. पुष्कळदा त्या वेळी जमिनीत कॅल्शियम असतो, फक्त तो फळापर्यंत पोचत नाही.

जमिनीच्या उघड्या पृष्ठभागावरून उडणाऱ्या पाण्याचे मात्र तसे नाही. त्याच्या बदल्यात झाडाला काहीच मिळत नाही. म्हणून बचतीचा क्रम असा ठेवा: आधी जमिनीवरून उडणारे पाणी थांबवा, मग ऊन-वाऱ्याचा मारा कमी करा, आणि पानाला हात सर्वांत शेवटी लावा.

मान टाकलेले पान: आधी घड्याळ पाहा, मग माती

दुपारी बारा ते चारच्या दरम्यान हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की पान जितक्या वेगाने पाणी सोडते, तितक्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत. जमिनीत ओल असली तरी हे होते. त्यामुळे दुपारच्या दृश्यावरून पाण्याचा निर्णय घेऊ नका. भोपळा, काकडी, पपई, सूर्यफूल यांची रुंद मऊ पाने तर अशी पडतात की पाहणाऱ्याचा धीरच सुटतो. संध्याकाळी सहाला पुन्हा जा.

- संध्याकाळी पाने ताठ झाली: झाड ठीक आहे. नेहमीच्या पाळीत बदल नको.
- संध्याकाळी नाही, पण पहाटे ताठ झाली: ओल कमी पडू लागली आहे. पुढची पाळी लांबवू नका.
- पहाटेही पाने पडलेलीच: आता मुळाजवळची माती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माती पाहायची ती वरची नव्हे. ड्रिपरपासून एक वीत अंतरावर नऊ ते बारा इंच खोल खणा आणि मूठभर माती दाबा. गोळा झाला, पण हाताला चिकटला नाही, तर वाफसा आहे. गोळा होतच नसेल, माती भुरभुर सुटत असेल, तर पाणी हवे. आणि हात चिखलाने माखला तर दुखणे उलटे आहे.

ही तिसरी शक्यता सर्वांत घातक, कारण इथे चुकीचा उपाय झाड मारतो. चिबड जमिनीत मुळांना हवा मिळत नाही. हवा नसलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. मग भोवती पाणी साचलेले असूनही पाने तहानलेल्या झाडासारखी पडतात, आपण आणखी पाणी देतो आणि मुळे कुजायला लागतात. भारी काळ्या जमिनीतल्या मोसंबी-संत्र्याच्या बागांत हे फार होते. माती ओली आणि पान मलूल असेल तर ठिबक बंद करा, चर काढून पाण्याला वाट द्या आणि एक-दोन मुळे उकरून पाहा. साल सहज सुटत असेल, वास येत असेल तर मूळकुज समजा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. डाळिंबात एकच फांदी किंवा एकच झाड पिवळे पडून वाळू लागले तर मर रोगाची शंका घ्या. यांपैकी कशावरही जास्तीचे पाणी हा उपाय नाही.

आणखी एक साधी चाचणी आहे. दुपारी दोनच्या सुमारास उन्हातले एक पान हाताच्या पाठीला लावा, मग चांगले पाणी मिळालेल्या शेजारच्या झाडाचे तसेच पान लावा. पहिले स्पष्टपणे गरम लागले तर त्याची रंध्रे मिटली आहेत, म्हणजे झाड तहानलेले आहे किंवा त्याच्या मुळांना काहीतरी झाले आहे. पान मान टाकण्याच्या आधी ही खूण मिळते. विशेषतः संत्रा आणि आंबा यांच्या जाड पानांत ती उपयोगी पडते, कारण ती लवकर लोंबत नाहीत.

पहाटे पानांच्या कडेवर दिसणारे पाण्याचे मणी पाहून अनेकांना वाटते की झाड पाणी गळवते आहे. केळी, टोमॅटो, अळू, गवत यांत ते दिसतात. रात्री मुळांच्या दाबाने हे पाणी कडेच्या छिद्रांतून बाहेर येते. तो आजार नाही, उलट जमिनीत ओल पुरेशी असल्याचे लक्षण आहे.

किती पाणी द्यायचे, ते मोजून ठरवा

‘रोज दोन तास ठिबक’ हा हिशेब नव्हे. डिसेंबरात तो जास्त होतो आणि मे महिन्यात अपुरा पडतो. कृषी विद्यापीठांच्या वेधशाळेत आणि अनेक कृषी विज्ञान केंद्रांत बाष्पीभवन पात्र असते. त्यातले पाणी रोज किती मिलिमीटर खाली गेले, याची नोंद होते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हा आकडा १० मिलिमीटरच्या वर जातो, तर थंडीत तो चार-पाचवर असतो. जवळच्या केंद्राला फोन करून आठवड्याची सरासरी घ्या. मग हा गुणाकार करा:

बाष्पीभवन (मिलिमीटर) × ०.७ (पात्र गुणांक) × पीक गुणांक × झाडाच्या घेराचे क्षेत्रफळ (चौरस मीटर) = रोजचे लिटर

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, म्हणून हे इतके सोपे आहे. मोठ्या संत्रा झाडाचे उदाहरण घेऊ. घेराचा व्यास ४ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १२.५ चौरस मीटर. संत्रावर्गीय फळांचा पीक गुणांक ०.७ धरा. बाष्पीभवन १० मिलिमीटर असेल तर १० × ०.७ × ०.७ × १२.५, म्हणजे सुमारे ६१ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सोडायचे ६८ लिटर. ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर असतील तर दोन तास आठ-दहा मिनिटे. हेच झाड डिसेंबरात, बाष्पीभवन ४ मिलिमीटर असताना, सुमारे २७ लिटर मागते, म्हणजे जेमतेम ५० मिनिटे. दीड मीटर घेराच्या लहान झाडाला भर उन्हाळ्यातही १० लिटरच्या आसपास पुरते.

हा आकडा सुरुवातीचा समजा. गोळ्याची चाचणी करून तो आठवड्याला थोडा वर-खाली करा. आणि हिशेबाआधी एक काम चुकवू नका: पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या झाडाखालच्या ड्रिपरला एक तास भांडे लावून प्रत्यक्ष लिटर मोजा. क्षारांनी अर्धे बंद झालेले ड्रिपर हा उन्हाळ्यातल्या सुकण्याचा फार मोठा आणि फार दुर्लक्षित भाग आहे.

वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची चांगली. रात्रपाळीची वीज असेल तर रात्री द्या; झाडाला त्याचा काही तोटा नाही. पाटपाणी देणाऱ्यांनी मात्र भर दुपारची पाळी टाळावी, कारण तेव्हा सरीतलेच पाणी जास्त उडते.

बचत जमिनीपासून सुरू करा

आच्छादन पानांतून जाणारे पाणी कमी करत नाही. ते जमिनीवरून उडणारे पाणी अडवते, आणि वाचलेले ते पाणी झाडाला मिळते. म्हणूनच आच्छादनाखालचे झाड दुपारी अधिक ताठ दिसते. उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, गव्हाचा भुसा, वाळलेले गवत, जे शेतात आहे ते घ्या. थर तीन-चार इंचांचा हवा. पातळ शिंपडण्याने काही साधत नाही. बुंध्याला टेकवू नका, सहा इंच मोकळे सोडा, नाहीतर बुरशी आणि वाळवी येते. प्लॅस्टिक घ्यायचे असेल तर भाजीपाल्यासाठी २५ ते ३० मायक्रॉन, फळबागेसाठी १०० मायक्रॉन. उन्हाळ्यात चंदेरी बाजू वर ठेवा, कारण काळी बाजू माती तापवते.

तण काढा. तणालाही पाने असतात आणि तीही दिवसभर पाणी ओढत असतात. उन्हाळ्यात बांधापासून आळ्यापर्यंत माजलेले तण म्हणजे तुमच्या विहिरीवर लावलेले दुसरे पीकच. उपटलेले तण, बी धरलेले नसेल तर, आळ्यातच आच्छादन म्हणून पसरा.

वाऱ्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात आणि मला ही मोठी उणीव वाटते. पानाभोवती दमट हवेचा एक पातळ थर असतो. गरम वारा तो सतत पळवून नेतो आणि पाण्याचा खर्च वाढतो. जळगावकडचे केळी उत्पादक बागेच्या कडेला हिरवी जाळी किंवा जुन्या साड्या बांधतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. कायमचा उपाय म्हणजे गरम वारा येतो त्या बाजूला शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ. ती पावसाळ्यातच लावावी लागते, म्हणून जागा आत्ताच आखून ठेवा.

सावलीची जाळी भाजीपाला, रोपवाटिका आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या कलमांसाठी उपयोगी आहे. ३५ ते ५० टक्के सावली पुरे. त्याहून दाट जाळीखाली रोपे उंच, लुसलुशीत वाढतात आणि जाळी काढताच कोसळतात. लहान कलमाच्या पश्चिमेला तुराट्या किंवा कडब्याचा आडोसा केला तरी मोठा फरक पडतो, आणि त्याला खर्च येत नाही.

बाष्परोधक: कोणता, कधी, आणि कधी नाही

दुकानात या नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. त्या एकाच तराजूत तोलू नका.

- केओलिन: पांढरी माती. पानावर थर बसतो, ऊन परावर्तित होते, पान कमी तापते. माझ्या मते पहिली पसंती हीच, कारण रंध्रे मिटवण्याऐवजी ती उष्णता कमी करते. प्रमाण साधारण ६ ते ८ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्याला ६०० ते ८०० ग्रॅम. पिकानुसार ते बदलते, म्हणून कृषी विज्ञान केंद्राला विचारून पक्के करा. थोड्या पाण्यात कालवा, कापडातून गाळा, मग पंपात टाका आणि फवारताना ढवळत राहा, नाहीतर नोझल तुंबतो. थर पानांच्या वरच्या बाजूला हवा. नव्या पालवीवर तो नसतो, म्हणून फवारणी पुन्हा लागते.
- मेण, सिलिकॉन किंवा पॉलिमरचा थर देणारी द्रावणे: ही रंध्रांवर पडदा धरतात. आंबा आणि संत्रा यांची रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणजे वरून फवारले तर पैसे वाया. आणि पडदा नीट बसला तर वाढही मंदावते, पान तापते. वाहतुकीतली किंवा पुनर्लागवडीची रोपे आठवडाभर तगवणे एवढाच त्यांचा खरा उपयोग आहे. फळे पोसण्याच्या काळात नको.
- पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५): हे बाष्परोधक नाही. रंध्रांची उघडझाप पोटॅशियमवर चालते, म्हणून पाण्याच्या ताणात त्याच्या फवारणीने झाडाला ही उघडझाप सांभाळता येते. १० लिटरला १०० ग्रॅम, सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर. भर दुपारी फवारले तर पाने करपतात.

रंध्रे मिटवण्यासाठी पूर्वी पाऱ्याचे एक संयुग, फिनाइल मर्क्युरिक ॲसिटेट, वापरत. त्यावर भारतात बंदी आहे. कुणी जुन्या पुस्तकातून ते सुचवले तर ऐकू नका. आणि ‘निम्मे पाणी वाचते, वाढही जोरात’ असा दावा करणारी बाटली परत ठेवा. या दोन गोष्टी एका वेळी मिळत नाहीत.

पालेभाज्या आणि लगेच तोडायची फळे यांवर केओलिन फवारू नका, कारण पांढरा डाग राहतो आणि बाजारात भाव पडतो. मृग बहारासाठी बाग ताणावर सोडली असेल तर बाष्परोधकाचा प्रश्नच नाही. तिथे ताण आपणच देत असतो.

पाने कमी करावी का?

पाणी खरोखर संपत आले असेल, टँकरशिवाय गत्यंतर नसेल, तर होय. पण क्रम पाळा. आधी फळांचा भार कमी करा, कारण झाड वाचले तर पुढचा हंगाम आहे. मग पाणसोट, आतल्या दाटीतल्या, रोगट फांद्या काढा. बाहेरचा घेर सरसकट छाटू नका. डाळिंबात वरची पाने गेली की फळांवर आणि खोडावर थेट ऊन पडते, साल तडकते आणि वाचवलेल्या पाण्याहून मोठे नुकसान होते. रोपांची पुनर्लागवड संध्याकाळीच करा. तुटलेल्या मुळांना पूर्ण पाने पोसता येत नाहीत.

बोअरचे पाणी खारे असेल तर

पानांतून शुद्ध पाणीच बाहेर जाते; क्षार मागे राहतात. उन्हाळाभर खारे पाणी दिले की ते मुळांभोवती साचतात आणि काही पानांच्या कडेला येऊन ती करपतात. ही करपलेली कड उन्हामुळे आहे असे समजून लोक फवारण्या करत बसतात. पाण्याची क्षारता एकदा तपासून घ्या. जवळ विहिरीचे किंवा शेततळ्याचे गोडे पाणी असेल तर दोन्ही आलटून-पालटून द्या, आणि पावसाळ्यात आळ्यातले क्षार खाली धुऊन जातील अशी निचऱ्याची सोय ठेवा.

गॅलरीतल्या कुंड्यांसाठी

मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही ओल उडते, म्हणून उन्हाळ्यात ती प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर कोरडी होते. बोट दोन पेरे मातीत घाला. कोरडे लागले तरच पाणी द्या. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. कोरफड आणि ड्रॅगन फ्रूट रात्री रंध्रे उघडतात आणि दिवसा पाणी धरून ठेवतात. इतर कुंड्यांबरोबर त्यांनाही रोज पाणी दिलेत तर ती कुजतील.

दुकानात आणि कार्यालयात तुमचे हक्क

बाष्परोधक किंवा कोणतेही ‘ताणनाशक’ घेताना वेष्टनावर घटक, बॅच क्रमांक, उत्पादन व अंतिम तारीख, किंमत आहे का ते पाहा आणि पक्के बिल मागा. २०२१ पासून जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. घटकच न लिहिलेली बाटली घेऊ नका. फवारणीने पीक करपले तर वेष्टन आणि उरलेले द्रावण जपून ठेवा, फोटो काढा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

ठिबकसाठी महाराष्ट्रात केंद्र आणि राज्याचे मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान मिळते, पाच हेक्टरपर्यंत. हे प्रमाण शासनाने ठरवलेल्या खर्च मर्यादेवर असते, विक्रेत्याच्या बिलावर नव्हे. दर ठरवताना हे लक्षात असू द्या. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा आणि पूर्वसंमती मिळाल्यावरच संच घ्यायचा. आधी खरेदी केलीत तर अनुदान अडकते.

पिकाबद्दल शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक सकाळी सहा ते रात्री दहा चालू असतो आणि मराठीत उत्तर मिळते. फोन करण्याआधी एवढी माहिती हाताशी ठेवा: पाने पहाटे कशी होती, नऊ इंचांवरची माती कशी होती, आणि ड्रिपरमधून तासाला प्रत्यक्ष किती लिटर आले.